पडवीतले तत्त्वज्ञान आणि पाड्यावरचे पाणी

१

एखादे तत्त्वज्ञान कोणी सांगितले, या प्रश्नाइतकाच ते आज कोणाला सांगितले जात आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. भरल्या ताटावर बसलेल्याला थोडक्यात समाधान मानायला सांगणे हा संयमाचा उपदेश होईल. रिकाम्या ताटासमोर बसलेल्याला तेच शब्द ऐकवले तर तो उपदेश राहत नाही. त्याने उठून काही विचारू नये यासाठी केलेला तो बंदोबस्त ठरतो. हा विचार पुन्हा मांडावासा वाटला तो एका तरुणाने मला विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे.

मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या बाजूला सूर्यमाळचे पठार आहे. शहरातल्या माणसांना ते थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. पावसाळ्यात येथे धुके उतरते, डोंगरकडांवरून पाणी कोसळते आणि मनःशांतीच्या शोधात निघालेल्यांच्या गाड्या वळणावर थांबतात. याच पठाराच्या उतारांवर नाचणी आणि वरई पिकवणारे वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी राहतात. पीक निघाले की दिवाळीनंतर त्यांतील कित्येक कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्ट्यांकडे निघतात. तरुणपणी या भागातल्या एका आश्रमशाळेत मी काही वर्षे मास्तरकी केली आहे. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा तिकडे गेलो, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा भेटायला आला. मुलगा पदवीधर आहे, कोकणा समाजातला. स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेले. त्याच्या मोबाईलवर स्टोइक तत्त्वज्ञानावरची व्याख्याने साठवलेली होती. ती तो रोज रात्री ऐकतो, त्यामुळे झोप लागते, असे त्याने सांगितले. मग थोडे थांबून त्याने विचारले, "सर, जे आपल्या हातात नाही त्याचा विचारच करू नये, असं हे लोक सांगतात. ते आपल्याला लागू पडतं का?"

त्याच्या या 'आपल्याला' शब्दापाशी मी अडलो. मी महार घरात जन्मून बौद्ध झालेला, पेन्शनवर जगणारा मास्तर. तो नोकरीची वाट पाहणारा आदिवासी तरुण. तरीही त्याने एकच सर्वनाम वापरले आणि मला त्यात धरले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

२

स्टोइक विचाराला त्याचे नाव एका पडवीवरून मिळाले. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरून आलेला झेनो हा परदेशी माणूस अथेन्सच्या बाजारचौकातील एका चित्रांकित पडवीत उभा राहून शिकवू लागला. ग्रीक भाषेत अशा खांबांच्या पडवीला 'स्टोआ' म्हणतात. कोणाच्या खासगी वाड्यात किंवा राखीव मठात हा विचार जन्मला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकता येईल अशा जागी तो जन्मला, ही त्याची पहिली जमेची बाजू मानली पाहिजे.

झेनोच्या मागून या पंथाची धुरा क्लीन्थीस या माणसाकडे आली. तो अतिशय गरीब होता. दिवसा अभ्यास करता यावा म्हणून तो रात्री एका माळ्याच्या बागेसाठी विहिरीचे पाणी शेंदत असे, आणि लोक त्याला पाणी शेंदणारा म्हणून चिडवत. हा धडधाकट माणूस पोट कशावर भरतो, अशी चौकशी न्यायासनासमोर झाली तेव्हा त्याने साक्षीला त्या माळ्याला आणि ज्या बाईसाठी तो पीठ दळी तिला उभे केले, अशी कथा डायोजेनिस लेर्शियसने नोंदली आहे. पाणी शेंदणारा माणूस एका मोठ्या विचारपंथाचा प्रमुख होतो, हे वाचून आमच्यासारख्याला आनंद होतो. पण त्या आनंदाबरोबरच दुसरे काही तरी टोचते. क्लीन्थीस गरीब होता, परंतु त्याच्या हाताने विहीर बाटत नव्हती. पुढच्या सगळ्या विचाराच्या वेळी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

पंथाचा सर्वांत ओळखीचा आवाज मात्र एपिक्टेटसचा. इ. स. ५० च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे तो जन्मला आणि गुलाम म्हणून रोममध्ये वाढला. त्याच्या नावाचा अर्थच 'मिळवलेला' असा आहे; जणू वस्तूवर लावलेली चिठ्ठी. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हा स्वतः गुलामगिरीतून सुटलेला आणि सम्राट नीरोच्या पदरी सचिव असलेला माणूस. पुढे एपिक्टेटसला मुक्ती मिळाली. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर तो ग्रीसमधील निकोपोलिस येथे जाऊन शिकवू लागला. त्याने स्वतः काही लिहिले नाही. एरियन या शिष्याने त्याची प्रवचने टिपून ठेवली; त्यांचे चार भाग आज उपलब्ध आहेत. त्यांचे सार असलेली एक छोटी पुस्तिकाही आहे. तीच आज जगभर खपते.

त्या पुस्तिकेचा पाया एका विभागणीवर आहे. काही गोष्टी आपल्यावर अवलंबून असतात: आपले मत, आपली इच्छा, आपला नकार. काही नसतात: शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकारपद. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत जीव गुंतवणारा माणूस गुलाम होतो. पहिल्या प्रकारच्या गोष्टी ओळखणारा बेड्यांतही स्वतंत्र राहतो. सम्राट मार्कस ऑरिलियसने हाच विचार डॅन्यूबच्या काठावरील लष्करी छावण्यांत स्वतःसाठी लिहून ठेवला. गुलामाचे पुस्तक सम्राटाने वाचले ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. सम्राटाने ते वाचल्यावरही त्याच्या साम्राज्यात गुलामांचा बाजार पूर्वीसारखाच चालू राहिला, हे त्या कौतुकात सांगायचे राहून जाते.

विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या उपचारपद्धतींच्या मुळाशी स्टोइकांचा विचार असल्याचे मान्य केले. घटनेपेक्षा घटनेविषयीचे आपले मत माणसाला अधिक छळते, हे सूत्र रुग्णांच्या कामी आले, आणि ते मी हलके लेखत नाही. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत, यशाचा मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांत आणि मोबाईलवरील व्याख्यानांत स्टोइक विचार फुटकळ वचनांच्या रूपात विकला जात आहे. कामाचे तास वाढले, पगार थकला, नोकरी गेली तर दोष आपल्या दृष्टिकोनात शोधावा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला आहे. खोडाळ्याच्या तरुणाच्या कानात रात्री जे उतरते ते या स्वरूपात उतरते.

३

आता मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

आश्रमशाळेत असताना एपिक्टेटसच्या पुस्तिकेची एक जुनी इंग्रजी प्रत माझ्या ट्रंकेत होती. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ती मी विकत घेतली होती. एका गुलामाने लिहिले आहे या समजुतीने मी ती फार आपलेपणाने वाचत असे. रात्री कंदिलाच्या उजेडात वाचताना मनाला बळ येई. गावात भाड्याने खोली देताना माझी जात विचारली गेली होती, ती आठवण या पुस्तिकेने सुसह्य केली होती.

एका पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका वारली मुलाची धाकटी बहीण गेली. पोर दीड वर्षांची. हगवण आणि ताप. बापाने रात्रीच झोळी करून तिला खांद्यावर घेतले आणि चिखलातून रस्त्यापर्यंत आणले. जवळच्या दवाखान्याची जीप येईल असा निरोप होता. जीप आली नाही. कोणी म्हणाले डिझेल नव्हते, कोणी म्हणाले चालक नव्हता. उजाडता उजाडता पोर झोळीतच गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. बाप ओसरीवर इरले नीट करीत बसला होता. सांत्वन कसे करावे हे मला समजेना. मग मी माझ्या पुस्तिकेतले शहाणपण माझ्या मराठीत सांगू लागलो. एपिक्टेटस म्हणतो की आपल्या लेकराचे चुंबन घेताना आपण एका मर्त्य जीवाचे चुंबन घेत आहोत हे मनात असू द्यावे, म्हणजे ते गेल्यावर माणूस कोसळत नाही. मी सांगितले की मरण कोणाच्या हातात नसते. जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये.

त्याने काम थांबवले नाही. खालमानेनेच तो म्हणाला, "मरान कोनाच्या हातात नाय, गुरुजी, तं मला बी ठावं हाय. पन जीप कोनाच्या तरी हातात व्हती ना?"

मी उठून परत आलो. त्यानंतर बरेच दिवस ती पुस्तिका मी उघडली नाही. ज्या गोष्टीला मी निसर्ग समजत होतो तिच्यात किती व्यवस्था भरलेली आहे, हे त्या निरक्षर माणसाने एका वाक्यात वेगळे करून दाखवले होते. आणि मी, ज्याच्या आज्यापणज्यांना प्रत्येक अन्यायाचे उत्तर प्रारब्ध म्हणून मिळाले होते, तोच मी त्याला ग्रीक कपड्यांतले प्रारब्ध द्यायला गेलो होतो. खुर्ची मिळाली की आपणही किती लवकर वरच्या भाषेत बोलू लागतो, याचा हा माझ्यापुरता पुरावा आहे.

पुढे १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि 'कुपोषण' हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तोपर्यंत त्या मुलांचे मरणही नशिबाच्या खात्यावरच जमा होत होते. एखादे मरण नशिबाच्या खात्यातून काढून शासनाच्या खात्यावर मांडणे, हे वैचारिक काम आहे. त्या बापाने ते माझ्यासमोर केले होते.

४

एपिक्टेटसवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच्या प्रवचनांत एका अधिकाऱ्याचा प्रसंग येतो. मुलगी आजारी पडली, तिचे हाल पाहवेनात म्हणून हा बाप घर सोडून निघून गेला. एपिक्टेटस त्याची उलटतपासणी घेतो आणि मुलीला टाकून पळणे हे प्रेम नव्हे, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो. टाकून दिले जाणारे एका मित्राचे मूल एपिक्टेटसने म्हातारपणी वाढवले, असेही सांगतात. तेव्हा तो कोरड्या काळजाचा माणूस नव्हता. बापाने उशाशी थांबले पाहिजे, हे त्याला कळत होते. वैद्य कोणाच्या दारी येतो आणि कोणाच्या दारी येत नाही, हा प्रश्न मात्र त्याच्या तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येत नाही. त्याची मर्यादा मला येथे दिसते.

त्याच्या लंगडेपणाविषयी एक कथा प्राचीन काळापासून सांगितली जाते. मालक त्याचा पाय पिरगाळत होता. एपिक्टेटस शांतपणे म्हणाला की असे केल्यास पाय मोडेल. पाय मोडला. तेव्हा तो तितक्याच शांतपणे म्हणाला की मी सांगितले नव्हते का? ही कथा खरी असेलच असे नाही. दुसरीकडे त्याचा पाय आजाराने अधू झाल्याचेही म्हटले आहे. महत्त्व कथेच्या सांगण्याला आहे. अठराशे वर्षे ही कथा सांगणाऱ्या प्रत्येकाचे डोळे गुलामाच्या चेहऱ्यावर खिळलेले आहेत. तो चेहरा किती स्थिर आहे, याचे सर्वांना कौतुक. पाय पिरगाळणाऱ्या हाताकडे मात्र कोणीच पाहत नाही. त्या हाताला कथेत निसर्गाचा दर्जा मिळाला आहे. पाऊस पडतो, वीज पडते, तसा मालक पाय पिरगाळतो.

हीच नजर आपल्या मराठी समीक्षेतही वावरते. १९७८ साली 'बलुतं' आले, १९८० साली 'उपरा' आले, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. या आणि यांच्यानंतरच्या आत्मकथनांविषयी बोलताना प्रस्थापित अभिरुचीकडून एक शाबासकी हमखास मिळते: लेखनात कडवटपणा नाही, लेखकाने फार अलिप्तपणे सांगितले आहे. ही शाबासकी मला नेहमी संशयास्पद वाटत आली आहे. अलिप्तता हा कलेचा गुण असू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु सोसणाऱ्याच्या संयमाची तारीफ करणारा समीक्षक सोसायला लावणाऱ्याच्या हाताविषयी एकही वाक्य लिहीत नसेल, तर तो त्या रोमन कथेचा मराठी श्रोता आहे, एवढेच मी म्हणेन. दलित आत्मकथनांनी सोसण्याचे चित्रण केले ते सोसणे थोर आहे म्हणून नव्हे. ते पिरगाळणारा हात दाखवण्यासाठी लिहिले गेले.

स्टोइकांची दोन रूपके येथे तपासण्यासारखी आहेत. पहिले नाटकाचे. नाटककाराने तुला जी भूमिका दिली, भिकाऱ्याची, पांगळ्याची किंवा अधिकाऱ्याची, ती नीट वठव. भूमिका निवडणे तुझे काम नव्हे, असा त्याचा आशय. रोममध्ये हे रूपक कदाचित धीर देत असेल. आपल्या देशात मात्र ते आल्याबरोबर ओळखीच्या घरात शिरते. आपापल्या वर्णाचे कर्म करीत राहावे, दुसऱ्याचे कर्म उत्तम साधले तरी त्याला हात लावू नये, असे सांगणारी परंपरा येथे आधीच ठाण मांडून आहे. स्वधर्माच्या या घरात स्टोइक भूमिका पाहुणी म्हणून येते आणि घरचीच होऊन जाते. दुसरे रूपक गाडीला बांधलेल्या कुत्र्याचे. गाडी चालू लागली की कुत्र्याने राजीखुशीने मागे चालावे, नाही तर ते फरफटत जाईलच. हे वाचल्यावर स्टोइक विचारतो की कुत्र्याने कसे चालावे. आंबेडकरी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो दोरीचा: ती बांधली कोणी, आणि गाठ कोठे आहे?

५

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांनी बारकाईने केली आहे. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले हे लेखन पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. रोममधील गुलाम वाचक, लेखनिक, ग्रंथपाल, वैद्य, शिक्षक म्हणून काम करीत. गुलाम ही मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता. आणि गुलामाला मुक्त करण्याची वाट कायद्यात होती. अस्पृश्याला यांतले काहीच नव्हते, म्हणून अस्पृश्यता गुलामगिरीहून वाईट, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हे विवेचन एपिक्टेटसच्या शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. एपिक्टेटस गुलाम असतानाच म्यूसोनियस रूफस या नामांकित तत्त्वज्ञाच्या व्याख्यानांना जात असे. मालकाने जाऊ दिले म्हणून तो गेला. त्या दालनात कोणी त्याच्या सावलीचा विटाळ मानला नाही म्हणून तो बसला. ज्या आंतरिक स्वातंत्र्याला कोणत्याही बाहेरच्या गोष्टीची गरज नसते असे तो आयुष्यभर सांगत राहिला, ते स्वातंत्र्य त्याला एका बाहेरच्या गोष्टीमुळेच मिळाले होते. ती गोष्ट म्हणजे ऐकण्याची मुभा. आपल्याकडे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे वा लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्राने सांगितली. जेथे कानच राखीव आहेत तेथे एपिक्टेटस कसा निपजणार? येथे तो निपजला असेलही, पण त्याची प्रवचने टिपून घ्यायला कोणी एरियन वेशीबाहेर आला नाही.

स्टोइकांचे ऋणही मान्य केले पाहिजे. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, या ॲरिस्टॉटलच्या मताला त्यांनी थारा दिला नाही. विवेक सर्व माणसांत आहे, म्हणून सर्व माणसे एकाच नगराचे नागरिक, असे ते मानत. गुलामांना माणसासारखे वागवावे, त्यांच्या पंक्तीला बसावे, असे सेनेकाने लिहिले. पण सेनेका स्वतः अमाप धनाढ्य होता आणि गुलामगिरी नष्ट करा, असे त्याने कोठेही म्हटले नाही. समता त्यांच्या विचारात होती, व्यवहारात ती सौजन्यापर्यंत येऊन थांबली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. ज्यांनी व्यवस्था मोडली त्यांना त्यांनी पुस्तक दिले, गुलामांशी गोड बोलणाऱ्यांना नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, यांमधली रेषा स्टोइकांनी एकदा आखली आणि ती कायमची मानली. इतिहास वाचणाऱ्याला ती रेषा सरकताना दिसते. १९२७ च्या मार्चपूर्वी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्याच्या हातात नव्हते. १९२३ चा बोले ठराव होता, नगरपालिकेचा निर्णय होता, तरी पाणी हातात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बाबासाहेबांमागून चालत गेली आणि ओंजळ भरली. त्यांच्यापैकी कोणाही एकट्याने ते केले असते तर त्याची हाडे मोडली असती. एकत्र गेले म्हणून मारहाण होऊनही रेषा सरकली. कोर्टाचे काम पुढे दहा वर्षे चालले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. एकेका माणसापुरते पाहिले तर स्टोइक खरे होते: तळे त्याच्या हातात नव्हते. समूहापुरते पाहिले तर ते चूक होते.

हेच सूर्यमाळच्या डोंगरापलीकडे, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच घडले. सावकार-जमीनदाराकडे वेठ करणे हा वारल्याचा धर्मच, असे दोन्ही बाजू समजत होत्या. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यात झरी येथे किसान सभेची परिषद भरली, तेथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचे ठरवले. त्याच वर्षी त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ संपली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास लिहून ठेवला आहे. १९७२ च्या दुष्काळात काम मागणारे लाखो हात रस्त्यावर आले आणि पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. काम मिळणे न मिळणे जे नशिबाधीन होते ते मागण्याचा हक्क झाले. तो हक्क कितपत मिळाला हा वेगळा लढा आहे. पण लढायला जागा झाली.

बाबासाहेब बुद्धाकडे वळले त्याचे एक कारण मला येथे सापडते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्माची गरिबी ठरते, हा अर्थ ठामपणे नाकारला. दुःखाच्या विचारात माणसाने माणसाला दिलेले दुःख आणले. आणि धम्माचे काम जगाची पुनर्रचना करणे हे आहे, असे मांडले. मनाची शुद्धी त्यांनाही हवी होती. पण मन शुद्ध करून त्यांना पाणवठ्यावर जायचे होते.

६

त्या तरुणाला आता काय सांगू?

एपिक्टेटस टाकून दे, असे मी सांगणार नाही. त्याच्याकडून घेण्यासारखे बरेच आहे आणि चळवळीतल्या माणसाला तर ते अधिक हवे आहे. सकाळी घराबाहेर पडताना आज कोण अडवेल, कोण अपमान करील, याची मनाशी उजळणी करावी, असे स्टोइक सांगतात. तहसील कचेरीत दाखल्यासाठी सहाव्यांदा जाणाऱ्याला ही उजळणी उपयोगी आहे. साहेब जागेवर नाही म्हणून तो हात-पाय गाळणार नाही, सातव्यांदा जाईल. रात्री दिवसाचा हिशेब स्वतःशी मांडावा, असे सेनेका सांगतो. आपल्या संघटना ज्या कारणांनी फुटल्या त्यांतली निम्मी कारणे अशा हिशेबात आधीच सापडली असती. आणि जातीवरून शिवी देणारा माणूस आपल्या आत्मसन्मानापर्यंत पोहोचू शकत नाही, हे बळ तर आम्ही एपिक्टेटस वाचण्यापूर्वीपासून बाबासाहेबांकडून घेतलेलेच आहे.

दोनदा नापास झालेल्या त्या मुलाने स्वतःला निरुपयोगी समजू नये. त्यासाठी निकाल आपल्या हातात नसतो हा विचार त्याला रात्री झोप देत असेल, तर ती झोप त्याने जरूर घ्यावी. पण सकाळी उठल्यावर त्याच्यासमोर दोन रकाने मांडले जातात: माझ्या हातातले आणि माझ्या हातात नसलेले. अभ्यास पहिल्यात, निकाल दुसऱ्यात. मग तालुक्याला वाचनालय असणे कोणत्या रकान्यात? जागांची जाहिरात वेळेवर निघणे, राखीव जागा भरल्या जाणे कोणत्या रकान्यात? एकट्याच्या हिशेबात ते दुसऱ्या रकान्यात जाऊन पडते आणि तेथेच कुजते. त्याच्यासाठी तिसरा रकाना लागतो.

त्या रकान्याचे नाव त्याने स्वतःच मला दिले होते. मराठीत 'मी' आणि 'आम्ही' यांखेरीज 'आपण' आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कवेत घेणारे हे सर्वनाम. गंमत अशी की ज्या ग्रीक शब्दप्रयोगावर एपिक्टेटसची सगळी विभागणी उभी आहे, त्यातले सर्वनामही अनेकवचनी आहे. 'आपल्यावर अवलंबून', असाच त्याचा शब्दशः अर्थ होतो. वाचणाऱ्यांनी दोन हजार वर्षे त्यात एकेकटा 'मी' पाहिला. खोडाळ्याच्या तरुणाने 'आपल्याला लागू पडतं का' असे विचारले तेव्हा त्याने ते अनेकवचन नकळत परत आणले.

परतीच्या दिवशी सकाळी उतारावर बायका दिसल्या. ओढ्याच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात पाणी पाझरायची वाट पाहत त्या बसल्या होत्या. काही रात्रीपासून आलेल्या होत्या. वाटी वाटीने हंडा भरत होता. पावसाळ्यात या डोंगरांवर शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. तो वैतरणेत जातो. मोडकसागरातून १९५७ पासून मुंबई त्यावर तहान भागवते आणि २०१२ च्या सुमारास मध्य वैतरणेचे नवे धरणही त्यासाठी उभे राहिले. डोंगरावर उन्हाळ्यात टँकर येतात. त्या बायकांइतका संयम मी कोणत्याही तत्त्वज्ञात पाहिलेला नाही. क्लीन्थीस रात्री पाणी शेंदी आणि दिवसा शिकायला जाई. या रात्री पाण्यापाशी बसतात आणि दिवसा लाकूडफाट्याला जातात. त्यांच्या दिवसात पडवी येतच नाही. त्यांना धीर धरायला शिकवण्याची ज्याला इच्छा होईल त्याने आधी तेथे एक रात्र बसावे.

पाऊस कोणाच्या हातात नाही. धरण कोणाच्या तरी हातात आहे, नळही आहे. त्या तरुणाने तिसरा रकाना आखून त्यात पहिली नोंद पाण्याची करावी, आणि ती एकट्याने न करता पाड्याला घेऊन ग्रामसभेत करावी, एवढेच माझे उत्तर.